तारमास्तरांचा ज्ञानू

लीलावतीबाईंना इंग्लंडात येऊन तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षं त्या या देशावर रुसूनच होत्या. नवरा गेल्यावर माधवनं, त्यांच्या मुलानं, त्यांना मिरजेहून स्टेन्सला आणलं. घर उबदार होतं, मागे हातभर बाग होती. माधव जवळच्याच एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता, आता रिटायर झालेला. सून सुप्रभा मायेची. नात आर्या लंडनला नोकरी करायची आणि शनिवार-रविवार घरी यायची. तक्रारीला कुठे जागा नव्हती. तरी कुणी विचारलं, "आजी, आवडलं का इंग्लंड?" की त्या म्हणायच्या, "बरं आहे. पण हा देश माणसं ठेवून घेतो. परत देत नाही."

ऐकणाऱ्याला वाटायचं, माधवबद्दल बोलताहेत. त्यांच्या मनात असायचा ज्ञानूदादा.

ज्ञानेश्वर गोपाळ हुपरीकर हा त्यांचा थोरला भाऊ. दोघांत बारा वर्षांचं अंतर, कारण मधली दोन भावंडं लहानपणीच तापानं गेली होती. वडील, म्हणजे अण्णा, मिरजेच्या तार ऑफिसात तारमास्तर. घरी आले तरी त्यांची बोटं पाटावर, मांडीवर, फुलपात्राच्या काठावर काहीतरी वाजवत असायची. ज्ञानूनं ती भाषा कुणी न शिकवता उचलली. दहा वर्षांचा असताना तो अण्णांच्या शेजारी बसून येणारी तार नुसत्या कानानं ओळखायचा. मॅट्रिकला चांगले मार्क पडले तेव्हा संस्थानानं त्याला स्कॉलरशिप दिली, आणि एकोणचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो बिनतारी यंत्रांचं शिक्षण घ्यायला लंडनला गेला. लीला तेव्हा सात वर्षांची होती. स्टेशनात तिनं त्याचं बोट सोडायला नकार दिला होता म्हणे. तिला स्वतःला आठवायची ती फक्त त्याच्या नव्या बुटांची करकर.

तो पोचला आणि तीन महिन्यांत लढाई सुरू झाली. पुढे पत्र आलं की मी हवाई दलात लागलो आहे, बिनतारी संदेशांचं काम आहे, खुर्चीत बसून करायचं असतं, आईला म्हणावं काळजी करू नको. अशी पत्रं त्रेचाळीस सालापर्यंत येत राहिली, मग थांबली.

"टपालाची जहाजं बुडतात हल्ली," अण्णा म्हणाले. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. अण्णा आले की त्यांच्या हाताकडे बघायची, मग आत जाऊन पान वाढायची. लढाई संपली, सैनिक घरोघर परतायला लागले, तरी ज्ञानूचा पत्ता नाही. शेहेचाळीस साली एका दुपारी अण्णा लवकर घरी आले, टोपी खुंटीला न लावता तशीच हातात धरून बसले आणि म्हणाले, "ज्ञानूचं पत्र आलं होतं ऑफिसात. त्यानं तिकडेच लग्न केलंय. मडम केली. आता त्याची वाट बघायची नाही."

आईनं पत्र मागितलं. अण्णा म्हणाले, रागाच्या भरात फाडून टाकलं.

त्या दिवसापासून घरात ते नाव निघालं नाही. आई चोपन्न साली गेली, अण्णा एकसष्ट साली. लीलानं मात्र राग जपला. इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी तिनं माधवला टेलिफोनच्या यादीत हुपरीकर शोधायला लावला. एक सापडला, क्रॉयडनला. तो कोल्हापूरचा सॉफ्टवेअरवाला निघाला. बिचारा पेढ्यांचा बॉक्स घेऊन भेटायला आला आणि चहा पिऊन गेला. तरीही बसमध्ये एखादा गहूवर्णी, अर्धवट इंग्रज दिसणारा म्हातारा किंवा म्हातारी चढली, की लीलावतीबाई त्यांचं नाक निरखायच्या. हुपरीकरांचं नाक लपत नाही. ज्ञानूदादाची पोरं असतील तर याच वयाची असतील, असा त्यांचा हिशेब.

गेल्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, पुण्याहून अनुपचा फोन आला. अनुप लीलावतीबाईंच्या चुलतभावाचा नातू. माधव फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात आयपॅड होता. लीलावतीबाई मेथी निवडत होत्या.

"आई, हा फोटो बघ. कुणी ओळखीचं दिसतंय?"

एका मोठ्या काळ्या विमानासमोर सात पोरं उभी होती. जाड कोट, गळ्यात मफलर, एकाच्या तोंडात पाइप. लीलावतीबाईंनी चष्मा वर-खाली केला आणि डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"ज्ञानूदादा." मग लगेच आयपॅड दूर सारला. "त्याच्या मडमेचा नाही पाठवला फोटो?"

माधव खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. पेशंटच्या नातेवाइकांसमोर बसायची त्याची जुनी पद्धत होती, तसा. "आई, मडम नव्हती. मामा त्रेचाळीस सालीच गेला. मार्चमध्ये. त्यांचं विमान जर्मनीवरून परत येताना समुद्रात पडलं. बॉडी मिळालीच नाही."

"त्रेचाळीस?"

"हो."

"मग शेहेचाळीस साली लग्न केलं ते कुणी?"

माधवनं एवढंच सांगितलं की त्या विमानाच्या वैमानिकाची मुलगी, रूथ नावाची, एक्याऐंशी वर्षांची, लिंकनशायरला राहते. सातही जणांची घरं शोधायचा तिनं ध्यास घेतला होता. सहा सापडली. सातव्याचं फक्त 'मिरज' एवढंच ठाऊक होतं, म्हणून तिनं मिरजेच्या शाळेला पत्र घातलं. ते माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत फिरत अनुपला दिसलं.

"आणि आई, ज्यांचं काहीच सापडलं नाही अशा एअरमेनची नावं कोरलेलं मेमोरियल आहे ना, रनीमीडला? टेकडीवर? मामाचं नाव तिथे आहे."

"कुठल्या टेकडीवर?"

"आपण विंडसरला जातो त्या रस्त्यानं. कारनं दहा मिनिटं."

लीलावतीबाई पुन्हा मेथी निवडायला लागल्या. थोड्या वेळानं सुप्रभानं पाहिलं, तर पानं आणि काड्या दोन्ही एकाच भांड्यात पडत होत्या. तिनं ते भांडं हळूच उचलून आत नेलं.

दुपारी त्या पहिल्यांदा बोलल्या. "अण्णांना कुणीतरी फसवलं. दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आलं असेल, नाहीतर कुणी हलकटपणानं लिहिलं असेल. अण्णांना बिचाऱ्यांना ते खरं वाटलं." पुढचे दोन महिने त्या हेच म्हणत राहिल्या. माधव 'हो' म्हणायचा.

रूथ मार्चमध्ये आल्या, विमान पडलं त्याच तारखेला. उंच, वाकलेल्या, पायात चिखलात चालायचे बूट. दारातच त्यांनी लीलावतीबाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. लीलावतीबाईंचं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून आर्या मध्ये बसली. आर्याचं मराठी तिच्या इंग्रजीसारखं धावत नसे, पण आजीचं अडत नसे.

रूथनी आपल्या वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. वडील गेले मार्चमध्ये, त्या जन्मल्या जुलैत. त्यांच्याकडे होती ती वडिलांनी आईला पाठवलेली पत्रं. त्यांत पानापानांवर 'डॅनी' होता.

"डॅनी म्हणजे तो," आर्या म्हणाली. "ज्ञानेश्वर त्यांना म्हणता यायचा नाही, सो डॅनी. आजी, तिचे बाबा लिहितात की डॅनीचे कान सोन्याचा आहे. कितीपण आवाज असला तरी तो सिग्नल ऐकतो."

"अण्णांचे कान," लीलावतीबाई म्हणाल्या.

मग रूथनी शेवटच्या दिवसाचं सांगितलं. घाई न करता, पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत झालेल्या शब्दांत. परतीच्या वाटेवर दोन इंजिनं बंद पडली होती. विमान समुद्रावर खाली खाली येत होतं. उजाडायला थोडा अवकाश होता. किनाऱ्यावरच्या ठाण्याला डॅनीचा संदेश मिळाला: आम्ही पाण्यावर उतरतो आहोत. मग तो सात मिनिटं तेच पाठवत राहिला. शेवटी त्यानं यंत्राची कळ दाबून धरली, म्हणजे एकच सलग सूर जात राहावा आणि त्या सुरावरून ठाण्याला विमानाची दिशा शोधता यावी. बाकीचे पाण्यावर आदळण्याच्या तयारीनं मागे जाऊन बसतात, पण यंत्रावरच्या माणसाला अगदी अखेरपर्यंत जागेवर राहावं लागतं. मग तो सूर थांबला. बोटी आणि विमानं दोन दिवस शोधत होती. शेपटाकडे बसणाऱ्या पोराचा देह पुढे हॉलंडच्या एका बेटावर लागला. बाकी सहांचं काही मिळालं नाही.

आर्याला हे सगळं मराठीत आणता येईना. तिचे डोळे भरले होते. "आजी, तो मशीन सोडला नाही," ती म्हणाली. "एवढंच. तो मशीन सोडला नाही."

लीलावतीबाईंनी मान हलवली. खुर्चीत बसून करायचं काम, असं त्यानं लिहिलं होतं. खोटं कुठे होतं ते?

अकराच्या सुमाराला सगळे टेकडीवर गेले. ऊन होतं पण वारा बोचरा. माधवनं व्हीलचेअर ढकलली. हीथ्रोवरून उठणारी विमानं दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून जात होती, आणि ती गेली की इतकं शांत व्हायचं की चाकाखालची वाळू ऐकू यायची. आत पांढऱ्या दगडाच्या ओवऱ्या होत्या. त्यांत उंच अरुंद खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या दोन्ही अंगांना, अर्धवट उघडलेल्या पोथीसारख्या दगडांवर, वरपासून खालपर्यंत नावं. वीस हजारांच्या वर नावं आहेत, असं रूथ म्हणाल्या. लीलावतीबाईंना वाटलं होतं एखादी पाटी असेल. एका खिडकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, आणि प्रत्येकीत कुणाकुणाची पोरं.

रूथच्या वडिलांचं नाव अधिकाऱ्यांच्या दगडावर होतं. ज्ञानूदादा सार्जंट, म्हणून त्याचा दगड वेगळा, बराच पुढे. विमानात सगळे खांद्याला खांदा लावून बसले होते. दगडावर मात्र हुद्द्याप्रमाणे लांब लांब गेले होते.

"हे बघ आई," माधव थांबला. "हंटर, मग हुपरीकर, मग हर्स्ट."

"मला उभं कर."

माधव आणि सुप्रभानं दोन्ही दंडांना धरून त्यांना उभं केलं. आर्यानं त्यांचं बोट धरून अक्षरावर टेकवलं. दगड गार होता. लीलावतीबाईंनी एकेक अक्षर चाचपत बोट शेवटपर्यंत नेलं. पुन्हा पहिल्या अक्षरावर आल्या. अशा तीनदा गेल्या.

"तेरा वर्षं मी खालून येत-जात होते रे," त्या नावाला म्हणाल्या. "मला काय माहीत तू इथे आहेस."

मग सुप्रभानं त्यांना बसवलं. बाहेरच्या बाकाशी थर्मासमधला चहा निघाला. रूथनी कप घेतला नाही. मांडीवरची पिशवी त्यांनी घट्ट धरली होती. मग माधवला म्हणाल्या की अर्काइव्हमधून या विमानाची फाइल मागवली होती, ती गेल्याच महिन्यात हाती आली. तिच्यात एक पत्र आहे. द्यावं की न द्यावं, ठरवता येत नव्हतं. पण ते माझं नाही, तुमचं आहे.

माधवनं कागद उलगडला. मूळ पत्राची प्रत होती. वळणदार, काळजीपूर्वक काढलेलं इंग्रजी अक्षर. लीलावतीबाईंनी लांबूनच ओळखलं. या अक्षरातल्या तारा त्यांनी लहानपणी शेकड्यांनी पाहिल्या होत्या.

"हे अण्णांचं आहे."

"हो."

"वाच. मराठीत सांग. मधलं काही गाळू नको."

माधव वाचायला लागला. एकेक वाक्य मनात उलटवून घेत, थांबत थांबत.

"'मिरज, एप्रिल एकोणीसशे त्रेचाळीस. महाशय, माझा मुलगा सार्जंट ज्ञानेश्वर बेपत्ता असल्याची आपली तार मिळाली. ती मीच उतरवून घेतली, कारण त्या वेळी यंत्रावर माझीच पाळी होती. आपले आभार.'" "'मुलाच्या आईची प्रकृती नाजूक आहे. आमची दोन मुलं याआधी गेली आहेत. तिला हे कळवलेलं नाही, आणि ती सावरेपर्यंत कळवण्याचा विचार नाही. तरी यापुढची पत्रं कृपा करून घरी न पाठवता तार ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावीत.'"

माधवनं पान उलटलं.

"'आणखी एक विचारायचं आहे. माझा मुलगा यंत्रावर बसणारा होता. विमानातून शेवटी काही संदेश आला असल्यास तो त्यानंच पाठवला असणार. तो स्वच्छ होता का, एवढं कळवण्याची मेहेरबानी व्हावी. आपला नम्र, गोपाळ विठ्ठल हुपरीकर.'"

"मग? कळवलं का त्यांनी?"

माधवनं दुसरा कागद पाहिला. "हो. दोन ओळींचं उत्तर आहे. 'संदेश अखेरपर्यंत स्पष्ट ऐकू आला.'"

एक विमान गेलं. दुसरं गेलं.

"म्हणजे अण्णांना ठाऊक होतं," लीलावतीबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. त्यांच्या हातानंच उतरवून घेतलं आणि खिशात घालून घरी आले. आणि आम्ही त्यांना जेवायला वाढलं."

"आई, त्यांना वाटलं असेल, आजीला सोसणार नाही. ती बरी झाली की सांगू. मग एकदा सांगायचं राहिलं की राहतंच. मी पाहिलंय ना, घरचे असं करतात."

"मडम केली म्हणून कशाला सांगायचं मग?"

"आजी वाट बघत होती ना. मेला म्हणवेना, येईल म्हणवेना. काय सांगणार होते ते?"

"खरं!" लीलावतीबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की पलीकडून जाणारं एक जोडपं थबकलं. "मुलगा मेला असता तर आई रडली असती. आठ दिवस, आठ महिने, आठ वर्षं रडली असती. त्याचा फोटो लावला असता, त्याचं नाव घेतलं असतं. त्यांनी काय केलं? मुलगा जिता ठेवला आणि माया मारली. आठ वर्षं ती बाई कुणाशी बोलली नाही सरळ. लोक विचारायचे, विलायतेतला मुलगा काय म्हणतो? ती मान खाली घालायची."

त्यांना धाप लागली. सुप्रभा पाठीवरून हात फिरवत राहिली. रूथनी आर्याकडे पाहिलं, आर्यानं नुसती मान हलवली. यातलं काही भाषांतर करण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं लीलावतीबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "माधव, तुला एक सांगायचंय. मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या बाबांनासुद्धा."

"सांग."

"आई अंथरुणावर होती. शेवटचे दिवस. मी बावीस वर्षांची. तिला मधूनच भ्रम व्हायचा. एकदा मला म्हणाली, 'लीला, ज्ञानू आला का गं?' इतक्या वर्षांनी. मी तिचं सगळं काढत होते, रात्रंदिवस जागत होते, आणि तिला हवा होता तो. मला राग आला. मी म्हटलं, 'आई, तो मेला असं समज.'" "तिनं तोंड भिंतीकडे केलं. तीन दिवसांनी गेली. पुन्हा बोलली नाही माझ्याशी."

"आई..."

"थांब. अण्णा दारात बसले होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, मला ओरडतील. ते उठले आणि बाहेर गेले. अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मला इतकी वर्षं वाटत होतं, माझ्यावर रागावून गेले." त्यांनी माधवच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "त्या वेळी तरी सांगायचं होतं रे त्यांनी. तिथल्या तिथे. मरताना तरी तिला कळलं असतं की तिचं पोर तिला विसरलं नव्हतं."

आर्यानं हे मात्र हळूहळू रूथना सांगितलं. रूथ उठल्या, व्हीलचेअरपुढे गुडघ्यांवर बसल्या. एक्याऐंशीव्या वर्षी ते सोपं नव्हतं. त्या म्हणाल्या की माझ्या आईनं पुढे दुसरं लग्न केलं. सावत्र वडील चांगले होते, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून आमच्या घरातही माझ्या वडिलांचं नाव कधी निघालं नाही. आईनं पत्रं कपाटात, चादरींखाली ठेवली होती. ती वारल्यावर मला सापडली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. तोपर्यंत माझ्या वडिलांना विनोद करता येत होते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

लीलावतीबाईंनी तिच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. "ऊठ बाई," त्या मराठीत म्हणाल्या. "गार लागेल गुडघ्यांना."

तर्पणाचं आधीच ठरलं होतं. टेकडीच्या पायथ्याला थेम्स वाहते, आणि ती पुढे जाते त्याच समुद्राला. वेम्बलीच्या मंदिरातले गुरुजी व्हिडिओ कॉलवर येणार होते. पण कारमध्ये बसल्यावर माधवनं विचारलं, "आई, आज राहू दे का? थकलीस तू."

"ब्याऐंशी वर्षं राहिलंय. चल."

काठावर एक सपाट जागा मिळाली, पाणी अगदी हाताशी. सुप्रभानं डबीतले काळे तीळ काढले, तांब्या भरून घेतला. फोनमधून गुरुजी म्हणाले की भाच्यानं केलं तरी चालेल. लीलावतीबाई म्हणाल्या, "बहिणीच्या हातचं चालेल की नाही तेवढं सांगा." गुरुजी म्हणाले, "चालेल आजी. करा."

गुरुजींनी गोत्र विचारलं. भारद्वाज. नाव विचारलं. लीलावतीबाईंनी पूर्ण नाव घेतलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं, आणि अंगठ्याच्या बाजूनं तिळांचं पाणी सोडलं. तीनदा.

मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्याच्याबरोबर आणखी सहा जण होते. त्यांचंही करायचंय."

"त्यांचं गोत्र?"

"इंग्रज होते. एक कॅनडाचा."

"गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात आजी. ज्याला कुणी नाही, त्याला काश्यप."

रूथना आर्यानं समजावलं. त्यांनी विचारलं, मी करू शकते का? लीलावतीबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, त्यात तीळ ठेवले, वरून तांब्यातलं पाणी घातलं आणि तळवा कसा कलता करायचा ते दाखवलं. गुरुजींच्या आवाजात, संस्कृतात, रूथच्या वडिलांचं नाव काश्यप गोत्रासकट उमटलं. रूथनी पाणी सोडलं आणि तसाच ओला हात तोंडावर धरून त्या मागे सरकल्या. पाठोपाठ उरलेली पाच नावं झाली. आर्यानं ती कागदावरून एकेक वाचली.

शेवटी लीलावतीबाईंच्या आईवडिलांची पाळी आली. आईचं नाव आलं तेव्हा त्या मनातल्या मनात काहीतरी बराच वेळ बोलल्या. गुरुजींनी घाई केली नाही.

"वडिलांचं नाव?" मग ते म्हणाले.

लीलावतीबाई ओंजळ धरून बसून राहिल्या. पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं. माधवनं पुन्हा घातलं, तेही गळून गेलं. नदीतून एक होडी गेली, तिच्या लाटा काठाला लागल्या आणि शांत झाल्या.

"अण्णा," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही चुकलात. मोठं चुकलात. आईला नाही तर मला तरी सांगायचंत. मी मोठी झाले होते. दोघं मिळून रडलो असतो." मग डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून दंडालाच गाल पुसून त्या म्हणाल्या, "घाल रे माधव पाणी."

त्यांनी नाव घेतलं. या वेळी पाणी नीट, अंगठ्याच्या बाजूनं पडलं.

रूथ जेवायला थांबल्या. वरण-भात आणि खीर होती. त्यांनी हातानं जेवायचा प्रयत्न केला, त्यावर आर्या हसली आणि थोडं हलकं झालं. चारच्या ट्रेनला माधव त्यांना सोडून आला. जाताना रूथ सात जणांच्या फोटोची मोठी प्रत ठेवून गेल्या होत्या.

संध्याकाळी सुप्रभानं लीलावतीबाईंच्या पायांना तेल लावलं. फोटो समोरच्या टेबलावर टेकवून ठेवलेला होता. त्या त्याच्याकडे खूप वेळ बघत होत्या. तेरा वर्षांत कुठल्याही गोष्टीकडे त्यांनी इतकं निवांत पाहिलेलं सुप्रभाला आठवत नव्हतं.

"सुप्रभा, आपली आर्या आता किती वर्षांची?"

"सत्तावीस, आई."

"आणि दादा... त्रेचाळीस साली?"

सुप्रभानं मनात वजाबाकी केली. "तेवीस."

आतल्या खोलीत आर्या फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होती.

"पोर होता गं," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं एका पोरावर रागावले होते."

मग त्या रडल्या. सुप्रभा त्यांचे पाय तसेच मांडीवर धरून बसून राहिली.